शहर वाढतंय की नुसतं पसरतंय? हे मोजायचं कसं?

शहराच्या कडेला कालपर्यंत शेत होतं, आज तिथे प्लॉटिंगचे खांब दिसतात. लोकसंख्या वाढली की घरं लागणार आणि घरांना जमीन लागणार, हे उघड आहे. पण माणसं ज्या वेगाने वाढली, त्याहून जास्त वेगाने जमीन संपतेय का?

हे तपासायला एक जागतिक मोजपट्टी आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये १७ शाश्वत विकास ध्येयं ठरवली. त्यातलं ११ वं ध्येय शहरांचं आणि त्यातला ‘११.३.१’ हा निर्देशक जमिनीच्या वापराचा. त्याची जबाबदारी यूएन-हॅबिटॅट या संस्थेकडे आहे.

गणित काय आहे?

बांधकामाखालची जमीन दरवर्षी किती टक्क्यांनी वाढली, याला लोकसंख्यावाढीच्या दराने भागायचं. उत्तर १ आलं तर दोन्ही साधारण बरोबरीने वाढले. १ पेक्षा जास्त आलं तर शहर माणसांपेक्षा वेगाने पसरतंय.

एक काल्पनिक शहर घेऊ. १० वर्षांत बांधकामाखालची जमीन १०० चौरस किलोमीटरवरून १५० वर गेली, म्हणजे वर्षाला ५ टक्के. लोकसंख्या १० लाखांवरून १२ लाख झाली. चक्रवाढीच्या हिशोबाने हा दर वर्षाला सुमारे १.८ टक्के. भागाकार आला साधारण २.७. पूर्वी माणशी १०० चौरस मीटर जमीन लागायची, आता १२५ लागते.

जमीन मोजतात कशी?

उपग्रहांच्या छायाचित्रांवरून. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने अशा छायाचित्रांवरून १९७५ पासूनचे जगभरातल्या वस्त्यांचे नकाशे तयार केले आहेत.

महापालिकेची हद्द धरून का चालत नाही? पुण्याचं उदाहरण बघा. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. पुढे त्यातली फुरसुंगी आणि उरुळी देवाची बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कागदावर हद्द वाढली, मग घटली. जमिनीवरच्या इमारती मात्र होत्या तिथेच होत्या. शिवाय प्रत्येक देशाची ‘शहरा’ची व्याख्या वेगळी. म्हणून २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने एक समान पद्धत मान्य केली: चौरस किलोमीटरला किमान १,५०० लोकांची सलग दाटी आणि एकूण किमान ५०,००० वस्ती असेल, तर ते शहर.

आकडा कमी म्हणजे सगळं छान?

नाही, आणि इथेच गफलत होते. आकडा १ च्या खाली आला तर जमीन वाचली असेल, किंवा त्याच खोल्यांत जास्त माणसं कोंबली गेली असतील. आधीच दाटीच्या शहरात उद्यानं, शाळा आणि रुंद रस्त्यांसाठी थोडी जमीन लागणं गैर नाही.

दुसरी अडचण आक्रसणाऱ्या शहरांची. अमेरिकेतल्या डेट्रॉईटची लोकसंख्या १९५० मध्ये १८ लाखांहून जास्त होती, २०२० मध्ये ती साडेसहा लाखांच्याही खाली होती. लोकसंख्या घटली की भागाकार उणे येतो आणि वाढ शून्य असेल तर भागाकारच करता येत नाही. म्हणून या आकड्यासोबत माणशी किती बांधीव जमीन आहे, हेही पाहतात.

आपल्याला काय फरक पडतो?

शहर विरळ पसरलं की तेवढ्याच घरांसाठी जास्त लांब जलवाहिन्या, ड्रेनेज आणि रस्ते लागतात. खर्च आपल्याच करातून होतो. वस्ती विखुरलेली असेल तर बस परवडत नाही, मग प्रत्येक घराला दुचाकी लागते. आणि सुपीक शेतावर एकदा स्लॅब पडला की ते शेत परत मिळत नाही.

त्यामुळे शहराची नवी विकास योजना हरकती-सूचनांसाठी जाहीर झाली, की ‘किती चौरस किलोमीटर वाढणार?’ एवढ्यावर थांबू नका. ‘किती माणसांसाठी, आणि आतल्या रिकाम्या जागांचं काय?’ हेही विचारा.