रक्ताचं कॅलेंडर वेगळं, जिभेचं वेगळं

गेल्या वर्षी संक्रांत झाली आणि मी चहा सोडला. दिवसाला पाच कप, तोही चांगला उकळलेला, आलं घातलेला. पहिला दिवस अभिमानात गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी कपाळावर कुणी पाटा ठेवल्यासारखं झालं आणि तिसऱ्या दिवशी घरातल्यांनी माझ्याशी बोलणंच टाळलं. शेजारच्या काकू मात्र खुशीत होत्या. "चांगलं लक्षण आहे हो," त्या म्हणाल्या, "साठलेलं विष बाहेर पडतंय."

विष कुठलंच नव्हतं. मेंदूत अडेनोसिन नावाचं रसायन असतं, थकव्याची वर्दी देणारं. चहातलं कॅफीन त्याची बसायची जागा बळकावतं, म्हणून कपभर चहाने तरतरी येते. वर्षानुवर्षं असं चाललं की मेंदू अडेनोसिनसाठी आणखी जागा तयार करतो. मग चहा एकदम थांबला की त्या सगळ्या जागा भरतात, मेंदूतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि डोकं ठणकायला लागतं. हे साधारण १२ ते २४ तासांत सुरू होतं, पहिल्या एक-दोन दिवसांत कळसाला पोहोचतं आणि दोन ते नऊ दिवसांत ओसरतं. शरीरातला नको असलेला माल बाहेर काढायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं रोजच करत असतात. त्यांना दुधीच्या रसाची वाट पाहावी लागत नाही.

काकूंना हसण्यात अर्थ नाही. आहार बदलला की शरीरात काहीतरी होतं, हे त्यांनी बरोबर हेरलं होतं. चुकलं ते कारण. आहाराबद्दलचे बरेचसे गैरसमज असेच, चुकीच्या तारखेला चुकीचं उत्तर शोधल्याने होतात. भिंतीवर कालनिर्णय एकच टांगलेलं असतं. शरीरात मात्र पोटाचं वेगळं, रक्ताचं वेगळं, मज्जातंतूंचं आणखी वेगळं.

"आठवड्यात तीन किलो उतरले!"

उतरले असतील, पण त्यात चरबी किती? यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साखरेचा साठा असतो, प्रौढ माणसात साधारण ४०० ते ५०० ग्रॅम. त्यातला प्रत्येक ग्रॅम अंदाजे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. भात-पोळी तोडली की हा साठा काही दिवसांत रिता होतो आणि पाणी लघवीवाटे निघून जातं. काट्यावर दीड-दोन किलो कमी दिसतात. पुढे रविवारी पुरणपोळी झाली की पाणी परत येतं आणि माणूस हताश होतो, "एका पुरणपोळीने दोन किलो वाढलो." पुरणपोळीवर इतका मोठा आरोप करायचं कारण नाही. चरबी हळू जाते आणि तितकीच हळू येते.

"उद्या टेस्ट आहे, चार दिवस पथ्य करतो"

ही आपल्याकडची जुनी युक्ती. उपाशीपोटीच्या साखरेवर ती थोडीफार चालते. एचबीए१सी या तपासणीपुढे चालत नाही. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात रक्तातली साखर तिच्या हिमोग्लोबिनला चिकटत राहते. म्हणजे हा रिपोर्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची जमाखर्चाची वही असतो. दिवाळीचा फराळ कार्तिकात संपला तरी त्याची नोंद मार्गशीर्षात सापडते. याची दुसरी बाजूही आहे. आज मनापासून आहार सुधारला आणि पंधरा दिवसांनी एचबीए१सी जेमतेम हलला, तर "काही उपयोग नाही" असं म्हणून सोडून देणारे पुष्कळ असतात. त्यांनी वही मिटायच्या आधीच बेरीज मागितलेली असते.

"घरचं सात्त्विक खातो, कमतरता कशी असेल?"

इथे थोडं थांबायला हवं, कारण हा गैरसमज आपल्या माणसांना सगळ्यात महाग पडतो. बी-१२ हे जीवनसत्त्व कुठल्याही भाजीत, डाळीत, धान्यात भरवशाने मिळत नाही. ते प्राणिज पदार्थांत असतं आणि शाकाहारी माणसाला दूध, दही, ताक, पनीर एवढाच आधार. आंबवलेल्या इडलीत किंवा ढोकळ्यात ते तयार होतं, ही समजूत भरवशाची नाही. स्पिरुलिनात जे सापडतं ते बहुतांशी शरीराला न वापरता येणारं, नुसतं बी-१२सारखं दिसणारं रसायन असतं. पुण्यात केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी या विषयावर अनेक वर्षं काम केलं. २००६ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन-तृतीयांशांमध्ये बी-१२ कमी आढळलं.

यात वेळ कसा दगा देतो ते पाहा. शरीरात, मुख्यतः यकृतात, दोन ते पाच मिलिग्रॅम बी-१२ साठलेलं असतं आणि रोजची गरज दोन-अडीच मायक्रोग्रॅमच्या आसपास. म्हणजे भरलेली टाकी वर्षानुवर्षं पुरते. आज कुणी दूधदही सोडलं तर पुढची दोन-तीन वर्षं त्याला छानच वाटू शकतं, आणि तो सगळ्यांना सांगत सुटतो की बघा, मला काही झालं नाही. मग हळूहळू पायांना मुंग्या, जीभ लाल, विसरभोळेपणा, उदासी, सतत थकवा. एवढ्या वर्षांनी त्याचा संबंध दुधाशी कोण जोडणार? घरातले म्हणतात, वय झालं. साधी रक्ततपासणी आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या किंवा इंजेक्शनं यांनी सुधारणारी गोष्ट. पण फार उशीर झाला तर मज्जातंतूंचं नुकसान पूर्ण भरून येत नाही.

आणखी एक, जे आहारतक्त्यात कधी लिहिलेलं नसतं. कागदावर घरात रोज एक लिटर दूध येतं. त्यातलं किती चहात जातं, किती मुलाच्या पेल्यात आणि दह्याच्या भांड्याचा तळ खरवडून शेवटी कोण जेवतं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांहून अधिक जणींना रक्तक्षय आढळला. रक्तक्षयाला कारणं अनेक असतात, पण निम्म्याहून जास्त जणी दमलेल्या असताना त्यांच्या चिडचिडेपणाला "स्वभाव" म्हणणं फार सोयीचं आहे. लोहाची पोकळी डॉक्टरांच्या सल्ल्याने भरायला घेतली तर हिमोग्लोबिन काही आठवड्यांत चढायला लागतं. रिते झालेले साठे भरायला त्यापुढेही काही महिने लागतात. आणि जेवणाला लागूनच चहा घेतला तर पालेभाजीतलं लोह शरीरात फारसं शिरतच नाही; जेवण आणि चहा यांच्यात तासाभराचं अंतर ठेवायला पैसे पडत नाहीत.

"केळं खा, मन प्रसन्न होईल"

केळ्यात सेरोटोनिन असतं हे खरं. मनाशी जोडलेलं रसायन म्हणून त्याचा बोलबाला आहे हेही खरं. पण खाल्लेलं सेरोटोनिन रक्तातून मेंदूत जाऊ शकत नाही, वाटेत नाकाबंदी आहे. शरीरातलं ९० टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात तयार होतं आणि तेही तिथलीच कामं करतं. केळं खावं, चांगलं फळ आहे. औषध समजून खाऊ नये. साखरेचंही तसंच. २०१९ साली ३१ अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा गोड खाल्ल्याने मन उल्हसित होतं असं काही दिसलं नाही. उलट तासाभरात मरगळ वाढलेली दिसली. आनंद होतो तो जिलबी पानात पडताना, आणि तो काही खोटा नाही.

मग आहाराचा आणि मनाचा संबंधच नाही का? आहे, पण तो एका पदार्थाचा आणि एका दुपारचा नाही. ऑस्ट्रेलियात फेलिस जॅका यांच्या गटाने मध्यम ते तीव्र नैराश्य असलेल्या ६७ जणांवर १२ आठवडे एक प्रयोग केला, तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना आहारतज्ज्ञाने अख्खी धान्यं, कडधान्यं, भाज्या, फळं, सुकामेवा, मासे, ऑलिव्ह तेल यांकडे वळवलं. उरलेल्यांशी तेवढाच वेळ कुणीतरी मैत्रीने गप्पा मारल्या. शेवटी आहारगटातल्या ३२ टक्के जणांचं नैराश्य ओसरलं होतं, गप्पागटात ८ टक्क्यांचं. आकडे आशा देणारे आहेत. मात्र प्रयोग छोटा होता, आपण कुठल्या गटात आहोत हे प्रत्येकाला ठाऊक होतं आणि बहुतेकांची औषधं किंवा समुपदेशन सुरूच होतं. तेव्हा हे वाचून कुणी मानसोपचारतज्ज्ञाच्या गोळ्या बंद करून मटकीला मोड आणायला घेऊ नये. मटकी सोबतीला ठेवावी.

उलट दिशेचा पुरावा जास्त ठसठशीत आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे जवळपास निम्म्या अन्नावर ठेवलं. महायुद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालायचं, हे त्यांना शिकायचं होतं. या तरुणांचं वजन सुमारे एक-चतुर्थांशाने घटलं. त्याहून विलक्षण होते त्यांच्या मनातले बदल. हसतीखेळती मुलं घुमी झाली, एकमेकांवर खेकसू लागली, काहीजण पाककृतींची पुस्तकं जमवून तासन् तास वाचत बसू लागले. अन्न परत मिळायला लागल्यावरही मन ताळ्यावर यायला महिने गेले. जानेवारीत सूपवर राहून फेब्रुवारीत घरच्यांवर ओरडणाऱ्या माणसाला निर्धाराची कमी नसते, जेवणाची असते.

"एकवीस दिवसांत सवय लागते"

हा आकडा आला मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून. नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात असं त्यांनी पाहिलं होतं. "किमान" हा शब्द वाटेत गळून पडला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या खाण्यापिण्याच्या आणि व्यायामाच्या नव्या सवयी मोजल्या, तेव्हा मधला आकडा ६६ दिवसांचा निघाला. कुणाला १८ दिवस पुरले असते, कुणाला २५४ लागले असते. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलंही नाही.

"दीक्षित की दिवेकर?"

काही वर्षांपूर्वी हा वाद प्रत्येक लग्नाच्या पंगतीत होता. डॉ. दीक्षित सांगायचे, दिवसातून दोनदाच जेवा; आहारतज्ज्ञ दिवेकर सांगायच्या, दर दोन तासांनी थोडं थोडं खा. दिवसभराचं एकूण खाणं सारखं असेल तर किती वेळा खाल्लं याने वजनात फारसा फरक पडत नाही. ज्याला जे निभावतं ते त्याचं. अपवाद मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांचा. त्यांनी डॉक्टरांना न विचारता जेवण गाळलं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. आणि एकादशीच्या साबुदाण्याबद्दल काय बोलावं? तो जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे. तुपात शेंगदाण्याचं कूट घालून परतला की उपवास कमी आणि म्हणीतला "दुप्पट खाशी" भाग जास्त.

राहिलं मीठ. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या डॅश प्रयोगात, मिठाला हात न लावता नुसत्या भाज्या, फळं आणि कमी चरबीचं दूध वाढवल्यावर दोन आठवड्यांतच रक्तदाब उतरला. पुढच्या प्रयोगांत मीठ कमी केल्यावर तो आणखी उतरला. म्हणजे रक्तवाहिन्या लवकर ऐकतात. जीभ ऐकत नाही. कमी मिठाची गोडी लागायला तिला दोन-तीन महिने लागतात, आणि तेवढ्यात बहुतेक घरांत बंड होतं. आमच्याकडे झालं. आमटीत मीठ निम्म्यावर आणल्यावर पहिला महिनाभर ताटाच्या वरच्या टोकाला वाढलेलं मीठ रोज संपायचं. चैत्रात एका मुंजीला गेलो. वरण-भाताचा पहिला घास घेऊन आमचे दादा पानाकडे बघतच राहिले आणि वाढप्याला हाक मारून म्हणाले, "अहो, यात मीठ दोनदा पडलंय का?"