डांबराच्या गोळ्यांनी उंदीर जातो काय?



ऊसतोड सुरू झाली की गट कार्यालयात टोळीच्या तक्रारींबरोबर आणखी एक तक्रार हमखास येते, ती उंदरांची. फड मोकळा झाला म्हणजे त्यातला उंदीर आसऱ्याला बांधावर, गोठ्यात आणि तिथून घरात येतो. मागे एका सभासदाबरोबर त्यांच्या सासुरवाडीस भंडारदऱ्याकडे, शेंडीच्या बाजूला गेलो होतो. तिकडे वर भाताचा मुलूख, ऊस सगळा खाली प्रवराकाठी. पण उंदीर दोन्हीकडे सारखाच. चहा यायच्या आत म्हातारीने विचारले, "साहेब, तुम्ही शेतीचे शिकलेले ना? मग उंदरावर औषध सांगा. गोळ्या ठेवल्या, मिरचीचा धूर केला, काही फरक पडंना." भाताची कणगी खालून कुरतडलेली होती.

डांबराच्या गोळ्यांचा प्रयोग आम्ही स्वतः क्वार्टरमध्ये केला आहे. दोन रात्री शांत गेल्या. तिसऱ्या रात्री उंदराने गोळी बाजूला सारून मागच्या भुईमुगाच्या शेंगा नेल्या! पुदिना, लसूण, तिखट यांचेही तसेच. नव्या वासाला उंदीर बुजतो खरा, पण पलीकडे दाणा दिसला की चार दिवसांत सरावतो. शिवाय या गोळ्या लहान मुलाने खडीसाखर समजून खाल्ल्या तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू शकतात. विजेवर चालणारी आवाजाची यंत्रेही बाजारात मिळतात. तो आवाज भिंतीपलीकडे किंवा पोत्यांच्या थप्पीमागे पोचत नाही. पैसे घालवू नयेत.

काही जण गिरिपुष्पाचे नाव काढतात. त्याला आपल्याकडे उंदीरमारी म्हणतातच. झाडाच्या सालीत व बियांत विष आहे, आणि मध्य अमेरिकेतले शेतकरी ती साल मक्यात मिसळून आमिष करीत. म्हणजे उंदीर मरतो तो खाल्ल्यामुळे, कुंपणाला झाड लावल्यामुळे नव्हे. हिरवळीच्या खतासाठी जरूर लावा.

उंदीर कशामुळे येतो, हे बीड जिल्ह्यातल्या मामला गावाने दाखवले. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीने लोक घरे सोडून बाहेर राहिले, धान्य आत तसेच राहिले. दाणा आणि निवारा दोन्ही आयते. उंदीर माजले, आणि ऑगस्ट 1994 मध्ये तिथे गाठीच्या प्लेगची साथ नोंदली गेली. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेतात सहा-आठ पिले. अशा पोटापुढे वासाची मात्रा काय चालणार?

म्हणून आम्ही म्हातारीला औषध सांगितलेच नाही, आधी भोके शोधली. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून लहान घरउंदीर आत येतो, अंगठा शिरेल एवढीतून मोठा. नुसत्या चिखलाने लिंपले तर तो पुन्हा उकरतो. आत बारीक जाळी किंवा काचेचे तुकडे दाबून वर सिमेंट लावावे. दाराखाली पत्र्याची पट्टी मारावी. सरपण भिंतीला टेकवून रचू नये. उंदरामागे साप येतो, आणि आपण जमिनीवर झोपतो, हे ध्यानात असू द्या.

पिंजरा भिंतीच्या कडेला लावावा, कारण उंदीर कडेकडेनेच पळतो. पहिल्या दोन रात्री दार बांधून नुसते भजे खाऊ द्यावे, तिसऱ्या रात्री सोडावे. झिंक फॉस्फाईड मात्र घरात आणूच नये. ते पोटात गेले तर त्याला उतारा नाही, आणि ओलाव्याने त्यातून विषारी वायू सुटतो.

कणगीचे काम जावयाने हाती घेतले. कणगी उचलून अडीच-तीन फूट उंच लाकडी मेढींवर, भिंतीपासून सुटी ठेवली, आणि जुने तेलाचे डबे कापून प्रत्येक मेढीला उलट्या नरसाळ्यासारखा पत्रा बसवला. पत्र्यावर उंदराची नखे टिकत नाहीत. डबे चार लागले. म्हातारीने पाचवाही मागून घेतला, कोंबड्यांच्या खुराड्यासाठी.

— ऊस विकास अधिकारी