दिवसा झोप येण्याचा आजार आणि खानदानाचा प्रश्न

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा माणूस दिवसा पेंगला तर कोणाला नवल वाटत नाही. रमजानमध्ये सहरी आणि तरावीहमुळे अख्खं घर पेंगतं. पण रात्री सात-आठ तास झोपूनही रोज वर्गात, जेवताना, बोलता बोलता झोप लागत असेल, हसताना एकदम गुडघे ढिले पडत असतील, तर तो आळस नव्हे. तो नार्कोलेप्सी नावाचा आजार असू शकतो. जाग येते पण अंग हलत नाही, छातीवर कोणी बसलंय असं वाटतं, हेही यात होतं. मग घरचे ‘असर’ म्हणून ताबीज शोधू लागतात. (एखाद्या वेळी असं निरोगी माणसालाही होतं.)

साधारण दोन हजारांत एकाला हा आजार होतो आणि बहुधा शाळा-कॉलेजच्या वयात सुरू होतो. म्हणजे रिश्ते पाहण्याच्या आधीच. त्यामुळे घरात पहिला सवाल येतो: हे खानदानी आहे का?

आपल्याला जागं ठेवणारं ओरेक्सिन नावाचं रसायन मेंदूतल्या थोड्याशा पेशी बनवतात. ते १९९८ मध्ये सापडलं. ज्यांचे गुडघे हसताना ढिले पडतात, त्यांच्यात या पेशी जवळजवळ संपलेल्या असतात. शरीराची प्रतिकारशक्तीच चुकून त्यांच्यावर उलटते, असं बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. अशा रुग्णांपैकी ९० टक्क्यांहून अधिक लोकांत ‘एचएलए-डीक्यूबी१’ या जनुकाचा एक खास प्रकार असतो. पण तोच प्रकार साधारण चार-पाचांतल्या एका धडधाकट माणसातही असतो! एकसारख्या जुळ्यांत एकाला आजार झाला, तरी बहुतेक वेळा दुसऱ्याला होत नाही. रुग्णाच्या सख्ख्या भावंडाला किंवा मुलाला धोका एक ते दोन टक्के.

जनुकासोबत बाहेरचं काही लागतं. २००९-१० च्या स्वाइन फ्लूच्या साथीत फिनलंड-स्वीडनमध्ये एका विशिष्ट लसीनंतर मुलांत हा आजार वाढला, तोही मुख्यतः हे जनुक असलेल्यांत. ती लस आता वापरात नाही. आपल्या मुलांच्या नेहमीच्या लसींशी तिचा संबंध नाही.

विदर्भातल्या सिकलसेलचा हिशेब वेगळा. आई-वडील दोघंही वाहक असतील तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, आणि घराण्यात वाहक असेल तर चुलत-मामे भावंडांच्या लग्नात हा धोका वाढतो. म्हणून निकाहआधी सिकलसेलची रक्ततपासणी जरूर करा, असं आम्ही म्हणू. नार्कोलेप्सीच्या जनुकाची तपासणी मागून रिश्ता तोडणं मात्र आम्हाला सरळ नाइन्साफी वाटते.

मुलीला किंवा मुलाला मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या. रात्रभराची झोपेची तपासणी आणि दुसऱ्या दिवशी दर दोन तासांनी डुलकीची तपासणी होते. आजार मुळापासून जात नाही, पण मोडाफिनिलसारख्या गोळ्यांनी आणि दिवसातल्या ठरावीक डुलक्यांनी बराच आटोक्यात राहतो. शाळेत सरांना सांगून ठेवा. गोळ्यांच्या वेळा रमजानच्या आधीच डॉक्टरांशी ठरवा. बीमार माणसाला रोज्यात सवलत आहेच. आणि डॉक्टर हो म्हणेपर्यंत नागपूर हायवेवर गाडी त्याच्या हाती देऊ नका.