भिंतीवरचं झाड आणि माळ्यावरची गोधडी

लिंकन (नेब्रास्का), डिसेंबर

अमेरिकेतला नाताळ म्हणजे मॉलमधली खरेदी, असं तिकडे महाराष्ट्रात अजूनही समजलं जातं. 'तुमच्याकडे काय, सगळं आयतं मिळत असेल,' असे मैत्रिणींचे निरोप येतात. इथल्या बायका नोव्हेंबरातच शिवणयंत्रं उघडून बसतात, हे त्यांना सांगूनही पटत नाही. आमच्या भागातल्या चर्चच्या तळघरात दर आठवड्याला शिवणाची बैठक भरते. बायका बहुतेक लूथरन. एरवी त्यांच्या हातून ६० बाय ८० इंचांची पांघरुणं तयार होतात आणि लूथरन वर्ल्ड रिलीफ ही संस्था ती युद्ध-पुरात सापडलेल्या माणसांकडे परदेशी पाठवते. नाताळ जवळ आला की मात्र टेबलावर एकच काम असतं: तुकड्यांचं झाड, भिंतीवर टांगायचं.

प्रत्येकीने घरून हिरव्या चिंध्या आणायच्या. कमीजास्त रुंदीच्या पट्ट्या एकीला एक जोडत जायचं; पोपटी आणि काळपट हिरवी शेजारी आली तर उत्तम. प्रत्येक जोडाला पाव इंच माया आणि प्रत्येक टिपेवर लगेच इस्त्री, या दोन गोष्टींत कुणाला सूट नाही. जोडलेल्या पट्ट्यांतून एक उंच त्रिकोण कापायचा, दोन्ही बाजूंना पांढऱ्या कापडाचे तिरके तुकडे लावायचे, खाली तपकिरी बुंधा. मग खाली अस्तर, मधे कापसाचा पातळ थर आणि वर झाड, असे तीन थर टाचण्यांनी पक्के करून आरपार टिपा मारायच्या. कडेने गोट. मागे वरच्या दोन कोपऱ्यांत दुमडलेले तिकोनी खिसे. त्यांत काठी बसवली की झाड भिंतीवर चढलं.

ऐंशी ओलांडलेल्या एक बाई पट्टी लावता लावता तिची ओळख सांगत होत्या. ही नवऱ्याच्या शर्टाची, ही नातीच्या पहिल्या फ्रॉकची, ही जुन्या स्वयंपाकघराच्या पडद्याची. त्यांच्या आईने १९३०च्या दशकातल्या मंदीत पिठाच्या आणि कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्यांमधून मुलींचे झगे शिवले होते. बायकांनी आपलाच माल घ्यावा म्हणून तेव्हा गिरण्या मुद्दाम फुलाफुलांची पोती छापत. झग्यातून उरलेलं कापड क्विल्टमध्ये, म्हणजे तुकडे जोडून थरांनी शिवलेल्या इथल्या पांघरुणात, जाई. वापरा आणि फेका, असं म्हणून आपण ज्या देशाला नावं ठेवतो, तिथल्या शेतकऱ्यांच्या बायकांनी पोतंसुद्धा वाया जाऊ दिलं नव्हतं.

पण त्याच टेबलाच्या दुसऱ्या टोकाला दुकानातून नवंकोरं कापड आणून त्याचे तुकडे पाडणं चाललं होतं. अडीच इंची पट्ट्यांच्या गुंडाळ्या इथे तयार विकत मिळतात. १९७९ साली जपानच्या ओल्फा कंपनीने गोल पात्याचा कटर आणला. त्याने एका वेळी कापडाचे कित्येक थर सरळ कापता येतात. काम झपाट्याने सोपं झालं, आणि कापडाची हावही वाढली. मला ते बघवत नाही. आमच्या घरी लुगडं नेसून विटलं की गोधडीत जायचं, गोधडी विरली की तिच्यावर आणखी एक लुगडं चढायचं, आणि अगदीच फाटली की तिचं पायपुसणं व्हायचं. कोऱ्या कापडावर पातं फिरलं की माझ्या अंगावर काटा येतो.

क्विल्ट म्हणजे आपली गोधडीच, असंही तिकडे सरसकट म्हणतात. तसं नाही. क्विल्टचा वरचा थर आधी वेगळा जोडून पुरा होतो, मग थर रचायचे. आपल्याकडे जुन्या लुगड्या-धोतरांचे थर जमिनीवर अंथरायचे, तुकडे वरून मांडायचे आणि एकाच धावदोऱ्याने सगळं एकत्र बांधायचं. नकाशा नाही, पट्टी नाही. सगळा हिशेब बाईच्या डोळ्यांत. आजीच्या गोधडीचा धावदोरा कडेने निघून आत आत फिरत मध्यावर यायचा, आणि चारही कडा सरळ राहायच्या. ते कसब या टेबलावरच्या कुठल्याही कामाहून कमी नव्हतं.

मग मला इथल्या बायकांचा हेवा कसला वाटतो? झाड पुरं झालं की त्या ऐंशी ओलांडलेल्या बाई ते पालथं करतात आणि मागे पांढऱ्या कापडाचा एक तुकडा शिवतात. त्यावर न पुसणाऱ्या शाईने लिहितात: नाव, गाव, साल, कुणासाठी शिवलं. वर्षातले चार आठवडे भिंतीवर राहून बाकी वर्ष पेटीत जाणाऱ्या वस्तूवर शिवणारीचं नाव असतं. आणि रोज रात्री आम्हा भावंडांना ऊब देणाऱ्या गोधडीवर एक अक्षरही नव्हतं!

शिवणारीचं नाव जपायची ही जाण इथेही आपोआप आलेली नाही. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयाने जोनाथन होल्स्टाइन आणि गेल व्हॅन डर हूफ यांनी जमवलेल्या क्विल्ट्स चित्रांसारख्या भिंतीवर लावल्या. लोक थक्क झाले, पण त्या शिवणाऱ्या बायका कोण, हे बहुतेक ठिकाणी अज्ञातच होतं. १९८१ साली केंटकीत नोंदणी सुरू झाली. गावात एक दिवस ठरवायचा, लोकांनी घरातल्या जुन्या क्विल्ट्स घेऊन यायचं, फोटो काढायचा, कुणी कधी शिवली ते लिहून घ्यायचं. मग एकेका राज्याने तेच केलं, नेब्रास्कानेही. इथल्या विद्यापीठाचं आंतरराष्ट्रीय क्विल्ट संग्रहालय १९९७ साली आर्डिस आणि रॉबर्ट जेम्स यांनी दिलेल्या सुमारे ९५० क्विल्ट्सवर उभं राहिलं. व्हिटनीत लागलेला तो संग्रहही आता इथेच आहे.

परवा सांगलीहून चुलत बहिणीचा फोन आला. जुनं घर पाडायचं म्हणून माळा रिकामा केला. कपाटांना ओरखडे पडू नयेत म्हणून टेंपोवाल्याने आजीच्या गोधड्या त्यांना गुंडाळल्या, आणि त्या टेंपोतच राहिल्या. 'जुन्याच तर होत्या गं,' ती म्हणाली. मी तिच्यावर रागावले. आजीने कुठली गोधडी कुणाच्या बाळंतपणाला शिवली, कुठल्या लुगड्याचा कुठला तुकडा, हे सांगणारं आता घरात कुणी नाही.

आपल्याकडे गोधड्यांची प्रदर्शनं भरतात, लोक कौतुकाने विकतही घेतात. ते चांगलंच आहे, पण पुरेसं नाही. केंटकीला जे जमलं त्याला पैसा थोडा आणि माणसं फार लागतात, आणि माणसांना आपल्याकडे तोटा नाही. गावात बचत गट आहे, शाळेची खोली आहे, प्रत्येक हातात कॅमेऱ्याचा फोन आहे. उन्हाळ्यात गोधड्या उन्हात टाकाल तेव्हाच एक दिवस ठरवा, फोटो काढा, वहीत नाव-गाव-साल लिहा आणि मागे नावाचा तुकडा शिवा. संग्रहालय होईल तेव्हा होईल. आई, आत्या, मावशी सांगायला आहेत तोवर माळ्यावर चढा आणि त्यांना विचारून घ्या.