परसातील फावडे

बाजारपेठेतील जुन्या घरांची रचना बहुधा सारखीच असते. पुढे दुकान, मध्ये राहते घर आणि मागे परस. परसात आड किंवा बोअर, तुळस, कढीलिंब, लिंबाचे झाड, क्वचित एखादा नारळ; आणि न्हाणीघराच्या भिंतीला टेकून उभे असलेले, दांडा हलणारे, गंज चढलेले एक फावडे. घरातील कर्ते पुरुष दिवसभर गादीवर बसतात. परसात काम निघाले की गडी बोलावला जातो. गडी येईपर्यंत पहिला पाऊस पडून गेलेला असतो आणि मागच्या भिंतीला ओल धरलेली असते. त्याच भिंतीला धान्याची पोती लावलेली असतील, तर त्या ओलीची किंमत फावड्याच्या किमतीच्या कितीतरी पट होते. तरीही फावड्याची आठवण कोणाला होत नाही. त्यावर घसारासुद्धा कोणी धरत नाही.

फावडे, काही भागांत ज्याला खोरे म्हणतात, ते आपल्याकडे दांड्याशी काटकोनात बसवलेल्या रुंद पात्याचे असते. पाश्चात्त्य बागांतील अवजाराचे पाते दांड्याच्या सरळ रेषेत असते आणि ते पायाने दाबून जमिनीत घालतात. आपले फावडे उचलून टाकायचे आणि स्वतःकडे ओढायचे. या ओढण्यातच त्याची सारी उपयुक्तता आहे. मात्र कठीण जमीन फोडणे हे कुदळीचे काम, दगड उचकटणे हे पहारीचे. फावड्याने दगड उचकटू पाहणाऱ्याचा दांडा मोडतो, आणि तो मोडावा हेच योग्य.

परसातील त्याचे सर्वांत मोलाचे काम वैशाख-ज्येष्ठात असते. घराच्या पायापासून बाहेरच्या बाजूला जमिनीला उतार हवा. वर्षभर झाडलोट करताना आणि पाणी सांडताना माती भिंतीकडे किंवा भिंतीपासून सरकत राहते, खळगे पडतात, आणि पावसाचे पाणी नेमके पायाशी साचते. पायाशी पडलेले खळगे भरून घेणे, ओढलेल्या मातीचा उतार करणे आणि चार-सहा हात अंतरावर उथळ चर काढून तो गटाराला जोडणे, एवढे काम दोन सकाळींत होते. गटारातील वर्षाचा गाळही याच वेळी ओढावा. मात्र पाते टाकण्यापूर्वी नळाचा पाइप, विजेची तार आणि सांडपाण्याची टाकी कोठे आहे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून घ्यावे.

झाडांचे आळे हे दुसरे काम. पुष्कळ घरांत खोडालगत खोल खळगा करून त्यात पाणी सोडतात. लिंबाच्या झाडाला हे विशेष बाधते. बुंध्याला सतत पाणी लागले की डिंक्या रोग होतो. म्हणून खोडाभोवती मातीची भर द्यावी आणि पाण्यासाठी बाहेरून दुसरे गोल आळे काढावे. शेतकरी यालाच दुहेरी आळे म्हणतात. पाणी शोषणारी बारीक मुळे पुष्कळशी फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात. तेथे पाते दोन-तीन बोटांपेक्षा खोल जाऊ देऊ नये. पाट काढून पाणी देत असल्यास फावड्याच्या एका ओढीत एका झाडाचे पाणी बंद होऊन दुसऱ्याचे सुरू होते. शेतात यालाच दारे धरणे म्हणतात, आणि ते पाहत बसण्यात लहान मुलांचा अर्धा दिवस आनंदात जातो.

बाकीची कामे किरकोळ, पण नित्याची. पाते आडवे धरून गवत तासता येते, पालापाचोळ्याचे खत खालीवर करता येते, वाळू-सिमेंट कालवता येते, घमेले भरता येते.

जैन कुटुंबांत मात्र फावड्याचा विचार एवढ्यावर संपत नाही. समंतभद्राचार्यांच्या ‘रत्नकरण्ड श्रावकाचारा’त हिंसेची साधने दुसऱ्याला देऊ नयेत, असे सांगताना कुऱ्हाड आणि तलवार यांच्या पंक्तीतच खनित्र, म्हणजे खणण्याचे अवजार, घातले आहे. निष्कारण जमीन उकरणे आणि पाणी सांडणे यांची गणना तेथे प्रमादात केली आहे. शेजाऱ्याला फावडे देताना जुन्या पिढीतील बायका जरा घुटमळत, त्यामागे कंजूषपणाच होता असे नाही. पावसाळ्यात मातीच्या वरच्या थरात गांडुळे आणि असंख्य कीटक वावरू लागतात. चातुर्मासात खणणे टाळण्याची रीत त्यातूनच आली. शेतीचे ज्ञानही याच बाजूने बोलते. ओल्या काळ्या जमिनीत फावडे घातले तर चिखल पात्याला चिकटतो आणि वाळल्यावर त्याची दगडासारखी ढेकळे होतात. वापसा नसताना जमीन हलवू नये, हे शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. ज्येष्ठात योजून काढलेला एक चर श्रावणातील दहा वेळची उकराउकर वाचवतो.

‘हे आपले काम नव्हे’ या समजुतीपुढे एक नाव ठेवण्याजोगे आहे. कुंभोज येथे जैन कुटुंबात जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि पुढे ‘कमवा आणि शिका’ या योजनेतून विद्यार्थ्यांच्या हाती पुस्तकाबरोबर अवजारही दिले. पेढीवरच्या माणसाला सकाळचा अर्धा तास जड वाटू नये. तरी साठीनंतर बेताने घ्यावे: पाते अर्धेच भरावे, गुडघे किंचित वाकवावेत, हातांची बाजू मधूनमधून बदलावी. पाते स्वतःच्याच पायाकडे येत असल्याने बंद बूट हवेतच. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. लस घेऊन दहा वर्षे झाली असल्यास ती पुन्हा घ्यावी.

हलणाऱ्या दांड्यासाठी नवे फावडे आणण्याचे कारण नाही. नेढ्यात कोरड्या लाकडाची पाचर ठोकली की तो पक्का बसतो. पाण्यात भिजवूनही तो आवळतो, पण लाकूड वाळताच पुन्हा सैल होतो. धार वर्षातून दोनदा कानशीने काढावी, दांड्याला जवसाचे तेल चोळावे. काम संपल्यावर पात्याची माती काठीने खरवडून टाकावी, पाते कोरड्या फडक्याने पुसावे, तेलाचा हात फिरवावा आणि फावडे मुलांच्या हाताला लागणार नाही अशा खुंटीवर, पाते भिंतीकडे करून, टांगून ठेवावे.