हाती घडवलेल्या दागिन्यांची विक्री

मोत्यांची नथ, मण्यांची ठुशी, रेशीमधाग्याच्या बांगड्या असे दागिने घरी बनवून विकणाऱ्या धुळ्यातील बाईला बाजार सणवाराप्रमाणे मिळतो. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाई देवी बसते, पुढे लग्नसराई. चैत्री पौर्णिमेला पांझरेकाठी एकवीरा देवीची यात्रा भरते. माल या दिवसांच्या महिनाभर आधी तयार हवा.

किंमत ठरवताना सर्वाधिक चूक मजुरीत होते. घरच्या बाईचे तास फुकट धरले जातात, आणि हे थांबलेच पाहिजे. समजा, एका ठुशीला साहित्य ६० रुपये, दीड तासाची मजुरी ७५ आणि डबी १० रुपये, म्हणजे १४५ रुपये लागले. ती २०० रुपयांना दुकानात ठेवली आणि दुकानदाराने २५ टक्के घेतले, तर हाती १५० येतात. नफा अवघा ५ रुपये. म्हणून दुकानासाठी किंमत वेगळी काढावी.

व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकताना दागिना दिवसाच्या उजेडात, अंगावर घातलेला दाखवावा. नथ दाबाची की टोचलेल्या नाकाची, हे लिहावेच. परत येणारा माल बराचसा याच गोंधळातून येतो.

बचत गटातील महिलांना राज्याचे ‘उमेद’ अभियान आणि १९७५ मध्ये स्थापन झालेल्या महिला आर्थिक विकास महामंडळामार्फत (‘माविम’) प्रदर्शनांत जागा मिळू शकते, मुंबईचे ‘महालक्ष्मी सरस’ त्यांतले मोठे. लघुउद्योगाची ‘उद्यम’ नोंदणी ऑनलाइन, विनाशुल्क होते. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वार्षिक उलाढाल ४० लाखांपर्यंत असेल, तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही.