हात लावू नका, परग्रह आहे!

शेजाऱ्याच्या संसारात नाक खुपसू नये, हा चाळीतला नियम अंतराळातही चालतो, माहीत आहे का? ‘स्टार ट्रेक’ या टीव्ही मालिकेत त्याला झकास नाव आहे: प्राइम डायरेक्टिव्ह! एखाद्या ग्रहावरचे लोक अजून मागे असतील, तर त्यांना आपलं तंत्रज्ञान द्यायचं नाही, शहाणपण शिकवायचं नाही, आपण कुठून आलो हेही सांगायचं नाही. थोडक्यात, लुडबुड बंद!

आता गंमत ऐका. हा नियम पडद्यावर पहिल्यांदा उच्चारला गेला ९ फेब्रुवारी १९६७ च्या एपिसोडमध्ये. आणि मोडला कधी? त्याच एपिसोडमध्ये! एक कॉम्प्युटर हजारो वर्षं अख्ख्या ग्रहावर राज्य करत होता. कॅप्टन कर्कनं त्याच्याशी असा काही वाद घातला, की बिचाऱ्यानं स्वतःलाच जाळून घेतलं. त्याच्या सहकारी स्पॉकनं नियमाची आठवण करून दिली होती बरं का. कर्क म्हणाला, नियम जिवंत, वाढत्या संस्कृतीसाठी असतो. पळवाट काढावी तर अशी!

पण लुडबुडीचा ऑस्कर द्यायचाच, तर १९६८ च्या ‘अ पीस ऑफ द ॲक्शन’ला. शंभर वर्षांपूर्वी एक यान एका ग्रहावर येऊन गेलं आणि जाताना एक पुस्तक विसरलं. विषय? शिकागोचे गुंड! तिथले लोक नकला करण्यात पटाईत. त्यांनी त्या पुस्तकाची पोथी केली आणि ग्रहाचं शिकागो. रेघारेघांचे सूट, फेल्ट हॅट, टॉमी गन, गल्लीगल्लीत ‘बॉस’! कर्क तिथे पोहोचतो आणि काय करतो? स्वतःच सूट चढवून सगळ्यात मोठा बॉस बनतो. पहारेकऱ्यांना गुंगवायला ‘फिझबिन’ नावाचा पत्त्यांचा डाव जागच्या जागी रचतो. मंगळवारचे नियम वेगळे, रात्रीचे त्याहून वेगळे! शेवटी सगळ्या टोळ्यांची एक मोट बांधून त्यात फेडरेशनची, म्हणजे कर्कच्या ग्रहसंघाची, पाती ठरवतो: ४० टक्के. (याला हस्तक्षेप म्हणायचं की हप्ता?) आणि कळस म्हणजे डॉक्टर मॅकॉय आपला कम्युनिकेटर तिथेच विसरून येतो. आधी पुस्तक, आता गॅजेट. घ्या!

देव व्हायचंय? नको रे बाबा! ‘स्टार ट्रेक’च्याच १९८९ च्या एका एपिसोडमध्ये भोळे गावकरी कॅप्टन पिकार्डलाच देव मानू लागतात. आपण मर्त्य माणूस आहोत हे पटवायला त्याला चक्क बाण खावा लागतो.

रशियन बंधू अर्कादी आणि बोरिस स्त्रुगात्स्की यांनी तर ‘स्टार ट्रेक’च्याही आधी, १९६४ मध्ये ‘हार्ड टू बी अ गॉड’ ही कादंबरी लिहिली. पृथ्वीवरचे इतिहासकार एका मध्ययुगीन ग्रहावर वेश पालटून राहतात. डोळ्यांदेखत विद्वानांची कत्तल चाललेली असते, पण हुकूम एकच: बघत राहा. इथे मात्र हसू येत नाही. या कादंबरीवरच्या अलेक्सेई गेर्मान यांच्या सिनेमाचं शूटिंग २००० मध्ये सुरू झालं आणि सिनेमा आला २०१३ मध्ये. तो पाहायला गेर्मान राहिले नव्हते. उरलेलं काम पत्नी आणि मुलानं पुरं केलं.

ब्रिटिशांचा ‘डॉक्टर हू’ माहीत आहे का? लोकांच्या भानगडीत पडला म्हणून १९६९ मध्ये त्याच्याच जातभाईंनी त्याच्यावर खटला भरला. शिक्षा? पृथ्वीवर हद्दपारी! म्हणजे आपण अंदमान आहोत तर.

आणखी अपमान हवाय? इयन बँक्स यांच्या ‘द स्टेट ऑफ द आर्ट’ या कथेत एक अतिप्रगत यान १९७७ साली पृथ्वीवर येतं, सगळं न्याहाळतं आणि ठरवतं, यांच्या वाटेला जायचं नाही. का? प्रयोगात तुलनेसाठी एक नमुना तसाच ठेवतात ना, तो आपण! तरी जाण्याआधी यानानं बीबीसीला पोस्टकार्ड धाडून डेव्हिड बोवीच्या गाण्याची फर्माईश केलीच.

हे सगळं काल्पनिक वाटतंय? मग ऐका. १९७३ मध्ये जॉन बॉल या शास्त्रज्ञानं गंभीरपणे मांडलं, की परग्रहवासी भेटत नाहीत, कारण त्यांनी आपल्याला प्राणिसंग्रहालयासारखं लांबून बघायचं ठरवलं असेल. शेंगदाणे तरी टाका राव!

आणि खरा प्राइम डायरेक्टिव्ह? तोही आहे! कर्कच्या त्या कॉम्प्युटरवाल्या एपिसोडच्या फक्त १३ दिवस आधी, २७ जानेवारी १९६७ ला, अंतराळ करारावर सह्या सुरू झाल्या. इतर ग्रहगोल दूषित करू नका, असं त्यात कलमच आहे. म्हणून गुरूच्या युरोपा या चंद्रावर चुकून पृथ्वीचे जंतू पोहोचू नयेत, यासाठी २००३ मध्ये नासानं ‘गॅलिलिओ’ यान गुरूच्या वातावरणात झोकून दिलं. २०१७ मध्ये ‘कॅसिनी’नं एन्सेलाडस आणि टायटन या शनीच्या चंद्रांसाठी शनीत उडी घेतली. तिथे जीव आहेत की नाहीत, हे अजून ठरायचंय, पण नियम पाळला गेला. दोन्ही यानांत कॅप्टन नव्हता, म्हणूनच असावं!